गाळाचे थांबे

२२ जुलै २०२१च्या पुरानंतर महाड आणि चिपळूणच्या बाजारपेठांत दुकानाचं शटर वर केलं की आधी दिसायचा तो चिखल. गुडघाभर, लालसर, बोटांत चुरला तर जराही खर न लागणारा. तो कुठून आला याचं उत्तर गावात प्रत्येकाकडे तयार होतं. वर डोंगर फोडले, झाडं तोडली, नदी कुणी साफ केली नाही. तिन्हींत तथ्य आहे. पण तिन्हींमागे एक समजूत गृहीत धरलेली आहे, की डोंगरावरची माती सुटली की ती थेट खाली येते. ती तशी येत नाही. किती माती सुटली यापेक्षा ती वाटेत कुठे कुठे अडली, यावर खालचं पात्र भरणार की नाही हे ठरतं. आणि अडायच्या जागा ठरवतो तो जमिनीचा आकार.

हे पाहायला सगळ्यात सोयीची जागा जुन्या महाबळेश्वरची. तिथल्या पंचगंगा मंदिरात कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाच नद्या एका गोमुखातून येतात अशी श्रद्धा आहे. श्रद्धा बाजूला ठेवली तरी यातल्या नद्या एकाच माथ्यावरून, एकाच पावसाच्या पाण्यावर निघतात हे खरंच आहे. पुढे मात्र त्यांची नशिबं वेगळी. सावित्री पश्चिमेला कड्यावरून खाली झेपावते आणि सरळ रेषेत वीसेक किलोमीटरवरच्या पोलादपूरला पोचेपर्यंत समुद्रसपाटीपासून शंभर मीटरच्याही खाली आलेली असते. तिथून महाड, मग बाणकोटची खाडी, मग अरबी समुद्र. कृष्णा पूर्वेला वळते. वाईला ती सातशे मीटरवर असते आणि सांगलीला अजून साडेपाचशे मीटरवर; पुढे हजारभर किलोमीटर चालून ती बंगालच्या उपसागराला मिळते. माथा एक, खडक एक, पाऊस जवळपास एक. गाळाची गोष्ट मात्र दोघींची पार निराळी.

“पाऊस जास्त तिथे गाळ जास्त”

महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, लेहला शंभर मिलिमीटरच्या आसपास. तरीही लेहजवळून वाहणारी सिंधू, तिच्यावर मोठी धरणं होण्याआधी, जगातल्या सर्वांत गाळकरी नद्यांत मोजली जायची. उलट सह्याद्रीच्या रानातला ओढा ऑगस्टमध्ये, पंधरवडाभर पावसानं झोडपल्यावरही, तळाचा गोटा दिसेल इतका निवळशंख असतो. हिमालय अजून उंचावतो आहे, भूकंपांनी त्याचे खडक भेगाळलेले आहेत आणि हिमनद्यांनी दळून ठेवलेला भुगा दऱ्यांत तयार पडलेला आहे. सह्याद्रीचा बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, आडव्या थरांत बसलेला. त्याच्यावरची माती गवताच्या आणि झाडांच्या मुळांनी बरीचशी धरून ठेवलेली असते. जूनमधलं पहिलं पाणी लालभडक दिसतं ते उन्हाळ्यात मोकळी झालेली, गुरांच्या खुरांनी उकरलेली, राबासाठी भाजलेली जमीन धुऊन निघते म्हणून. गवत रुजलं की तोच ओढा, त्याहून मोठा पाऊस झेलूनही, स्वच्छ वाहतो.

फरक पडतो तो वर्षाच्या बेरजेनं नाही, एखाद्या दिवसानं. २०२१च्या जुलैमधल्या त्या पुराच्या वेळी महाबळेश्वरला चोवीस तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. अशा एका दिवसात जे धोंडे आणि जी माती जागची हलते, ती एरवीच्या कित्येक पावसाळ्यांत हलत नाही.

“उतार जितका उभा, तितकी माती जास्त वाहते”

हा सगळ्यात पटणारा गैरसमज, आणि माणसांच्या जिवावर उठणाराही हाच.

अगदी उभ्या कड्यावर वाहून जायला मातीच नसते. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा पाहा. उघडा खडक, कपारीत कुठे गवताचा झुपका. तिथून दगड निखळतात, पण माती टिकतच नाही तर वाहणार कुठून? सैल दगडमातीचा ढीग साधारण तीस ते पस्तीस अंशांपर्यंत उभा राहतो. त्याहून चढ वाढला की माल लगेच खाली जातो आणि मागे खडक उरतो. म्हणजे ठरावीक अंशाच्या पलीकडे उतार वाढला म्हणून साठा वाढत नाही, कमीच होतो. साठा असतो तो कड्याच्या पायथ्याशी.

सह्याद्रीची ठेवणच अशी की असे पायथे एका डोंगरावर तीन-तीन, चार-चार सापडतात. लाव्हाचे कठीण थर आणि त्यांच्यामधले भुसभुशीत, तांबड्या मातीचे थर एकावर एक बसलेले आहेत. मऊ थर झिजतो, वरचा कठीण थर तुटून कडा होतो, कड्याखाली माची उरते, माचीखाली पुन्हा कडा. वरून निखळलेला माल आधी माचीवर थांबतो. तिथे तो कुजतो, त्याची माती होते, तिच्यात पाणी मुरतं आणि माचीच्या कडेला झरा फुटतो. डोंगरात राहणाऱ्या माणसाला याहून काय हवं? नाचणी-वरीला माती, प्यायला पाणी, गुरांना गवत, आणि थोडीफार सपाटी. वाड्या तिथेच वसल्या. आज शहरात बसून ‘तिथे राहायला गेलेच कशाला’ असं विचारणाऱ्यांना हे ठाऊक नसतं की त्या डोंगरात शेती होण्याजोगी दुसरी जागाच नव्हती. वाडीखालची माती म्हणजे वरून आलेला आणि वाटेत थांबलेला गाळच असतो.

दुसरी गोष्ट उताराच्या अंशाची नाही, वळणाची आहे. डोंगराची सोंड बाहेर फुगलेली असते, तिच्यावर पडलेलं पाणी दोन्ही बाजूंना पांगतं. दोन सोंडांच्या मध्ये जमीन आत दबलेली असते, घळ सुरू व्हायच्याही वर, जिथे अजून ओढा म्हणावा असं काही नसतं, नुसता खोलगट भाग. तिन्ही बाजूंचं पाणी तिथे येतं आणि मातीही तिथेच येते. शेकडो, कधी हजारो वर्षं ती साचत जाते, दाट होते, त्यावर झाडं वाढतात, पाहणाऱ्याला ती डोंगरातली सगळ्यात सुपीक आणि शांत जागा वाटते. मग एका रात्री जमिनीतलं पाणी इतकं चढतं की मातीच्या कणांची एकमेकांवरची पकड सुटते आणि सगळा साठा चिखल, दगड आणि झाडांसकट एकदम खाली येतो. खोलगट जागा रिकामी होते आणि पुन्हा भरायला लागते.

माळीण (३० जुलै २०१४, १५१ मृत्यू), महाड तालुक्यातलं तळिये (२२ जुलै २०२१, ऐंशीहून अधिक मृत्यू) आणि इर्शाळगडाखालची इर्शाळवाडी (१९ जुलै २०२३ची रात्र) यांतली एकही वस्ती कड्याच्या टोकावर नव्हती. वर डोंगर असलेल्या उतारावर किंवा त्याच्या पायथ्याशी, पाऊलवाटेनं सहज चालत जाता येईल अशा जागी ती माणसं राहत होती. म्हणून नुसता उताराचा अंश पाहून तांबडा-हिरवा रंगवलेला नकाशा दरडींच्या बाबतीत अर्धवट राहतो. त्यात कडा तांबडा येतो आणि माची हिरवी. समोच्च रेषा कुठे आत वळल्या आहेत आणि तिथे माती किती जाड आहे, हे मोजल्याशिवाय तो नकाशा गावकऱ्याच्या कामाचा नाही.

“पाणी गढूळ आहे म्हणजे नदी भरते आहे”

पुलावरून दिसतो तो रंग बारीक मातीचा असतो. ही माती पाण्यात तरंगत, पाण्याच्याच वेगानं जाते आणि वाहत्या पात्रात तळाला फारशी बसत नाही. ती बसते पाणी थबकलं की. म्हणजे पूर चढलेल्या भातखाचरात, बाजारपेठेतल्या दुकानात, किंवा खाडीत. खाडीत तर तिला आणखी एक कारण मिळतं. खाऱ्या पाण्यात मातीचे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटून त्यांचे पुंजके होतात, ते जड होतात आणि तळाशी जातात.

पात्राचा तळ वर उचलतात ते गोटे, खडी आणि जाडी वाळू. ही मंडळी तळावरून घसरत, घरंगळत येतात, आणि तीही वर्षातल्या मोजक्या दिवशीच. ती किती वाहतील हे पाण्याच्या लोंढ्यावर आणि तळाच्या उतारावर एकत्र अवलंबून असतं. उतार निम्मा झाला की तेवढ्याच पाण्याची ताकद निम्मी. सावित्री घाटातून सुटते तेव्हा तिच्या अंगात माणसाएवढा धोंडा लोळवण्याची ताकद असते. पोलादपूर सोडून महाडकडे येताना तळ सपाट होत जातो, धोंडे मागे राहतात, मग गोटे, मग खडी, आणि महाडच्या आसपास, जिथे गांधारी येऊन मिळते आणि भरतीचं पाणी समोरून चढतं, तिथे वाळूही हात टेकते. एके काळी भरतीच्या पाण्यावर होड्या महाडपर्यंत येत. आज त्याच पात्रात उन्हाळ्यात बेटं दिसतात.

आता कुणी म्हणेल, नदी निवळ वाहत होती तरी तळ चढला कसा? तो पुराच्या दोन-चार रात्रींत चढला, तेव्हा पुलावर उभं राहून कुणी पाहत नव्हतं.

“तुटलेला डोंगर त्याच पावसाळ्यात समुद्राला मिळतो”

गाळाचा प्रवास पॅसेंजर गाडीसारखा असतो. दर स्टेशनावर थांबा, आणि काही थांबे असे की गाडी पुन्हा कधी सुटेल याचा नेम नाही.

याचा पुरावा जुन्नर तालुक्यात कुकडी नदीच्या काठी आहे. बोरी गावाजवळ नदीच्या दरडीत, मातीच्या आणि खडीच्या थरांमध्ये, पांढुरक्या राखेचा एक थर दिसतो. हाताला पिठूळ लागणारी ही राख आपल्याकडची नाहीच. महाराष्ट्रातले ज्वालामुखी कोट्यवधी वर्षांपूर्वीच थंडावले. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९८०च्या दशकात या राखेचा अभ्यास केला. ती सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीची आहे असं बहुतेक अभ्यासक मानतात. टोबाच्या नेमक्या कुठल्या उद्रेकाची, यावर मोठा वाद झाला. कुणी ती सुमारे पंचाहत्तर हजार वर्षांपूर्वीच्या महास्फोटाची मानतात, तर कुणी त्याहून कितीतरी जुनी. याच परिसरात अश्मयुगीन दगडी हत्यारंही सापडली. वादाचा निकाल कसाही लागो, आपल्या दृष्टीनं मुद्दा एवढाच, की अगदी कमीत कमी आकडा धरला तरी पाऊण लाख वर्षं ती राख आणि तिच्या खालचा सगळा गाळ नदीच्या काठाशी बसून आहे. दर पावसाळ्यात कुकडी शेजारून वाहते आणि त्याला तिथेच सोडून पुढे जाते.

गंमत म्हणजे याच नदीवर पुढे पारनेर तालुक्यात निघोजचे रांजणखळगे आहेत. तिथे पात्रात मातीचा कणही ठरत नाही. उघडा बेसाल्ट, आणि त्यात पाण्याच्या भोवऱ्यात गरगरलेल्या गोट्यांनी कोरलेले रांजण. वरून खाली डोकावलं तर तळाशी ते घासून गुळगुळीत झालेले गोटे अजून पडलेले दिसतात. नदी तीच, पाणी तेच. बोरीला पात्राच्या बाजूला रुंद, सखल जागा आहे, तिथे पूर पसरला, मंदावला आणि माल टाकून गेला. निघोजला पात्र खडकात आवळलं गेलं आहे, तिथे आलेला माल पुढे जातो आणि जाता जाता खडकालाच कोरतो. नेवाशाला प्रवरेच्या काठीही हेच. ह. धी. सांकलिया यांनी १९५०च्या दशकात तिथे काम केलं तेव्हा नदीच्या जुन्या खडीच्या थरांत अश्मयुगीन माणसाची हत्यारं मिळाली. ती खडी समुद्राकडे निघाली होती, अजून नेवाशातच आहे.

सह्याद्रीच्या पूर्वेकडच्या बहुतेक नद्या अशा, रुंद आणि जुन्या खोऱ्यांतून सावकाश जाणाऱ्या. वाईच्या खोऱ्याकडे वरून पाहिलं तर एवढ्याशा नदीसाठी एवढं मोठं खोरं कशाला, असा प्रश्न पडतो. डोंगरावरून उतरलेला ओढा खोऱ्याच्या सपाट तळाशी आला की पंख्यासारखा पसरतो आणि नदीला पोचायच्या आधीच निम्मा माल टाकतो. शेतकरी त्यावर ऊस घेतो.

पश्चिमेकडे डोंगर उतरल्यावर थांबायला फारशी जागाच नाही. घाट संपला की थोडी भातखाचरं आणि लगेच खाडी.

“मोठी नदी, मोठा गाळ”

एकूण बेरजेत खरं, पण दर चौरस किलोमीटरमागे हिशेब केला की उलटं चित्र दिसतं. मिलिमन आणि सिवित्स्की या दोघांनी १९९२ साली जगभरच्या नद्यांच्या आकड्यांवरून दाखवलं की लहान डोंगरी नद्या आपल्या आकाराच्या मानानं समुद्राला कितीतरी जास्त गाळ देतात. तैवानच्या नद्या त्याचं टोकाचं उदाहरण. कारण साधं आहे. लहान डोंगरी नदीला मैदानच नसतं. कोकणातल्या नद्यांचे डोंगर तैवानइतके तरुण नाहीत, म्हणून त्यांचा गाळही तेवढा नाही. पण डोंगरातून सुटलेला बारीक गाळ वाटेत फारसा न रेंगाळता खाडीत येतो. सोपारा हे जुनं बंदर बुजलं. सतराव्या शतकात इंग्रजांची वखार असलेल्या राजापूरला पुढे मोठी गलबतं पोचेनाशी झाली.

माणसानं मात्र इथे एक गमतीदार फेरफार केला आहे. कोयनेचं पाणी वीज करून कोळकेवाडीमार्गे चिपळूणच्या वाशिष्ठीत सोडलं जातं. म्हणजे पूर्वेकडे जायचं पाणी डोंगर ओलांडून पश्चिमेला आलं, आणि त्या पाण्याबरोबरचा गाळ कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाच्या तळाशी मागेच राहिला. पाणलोटाची रेषा पाण्यासाठी हलली, गाळासाठी नाही.

“वर झाडं असली की दरड येत नाही”

झाडं पृष्ठभागावरची माती धरतात यात शंका नाही. पावसाचा मार पानं झेलतात, मुळं वरचा मीटर-दोन मीटर थर शिवून ठेवतात. उघड्या डोंगरापेक्षा जंगलाखालच्या डोंगरावरून माती कमी येते. पण खोलगट जागी माती आठ-दहा मीटर जाड असेल आणि घसरण्याची पातळी खाली खडकाशी असेल, तर मुळं तिथवर पोचतच नाहीत. वरची झाडं उभ्याउभ्या खाली येतात. पाणी मुरवण्यासाठी उतारावर आडवे खणलेल्या समतल चरांचंही तसंच. कमी पावसाच्या, पातळ मातीच्या देशावरच्या उतारावर ते चांगलं काम करतात. घाटमाथ्याला, जाड कुजलेल्या मातीच्या उतारावर, तेच चर पाणी आत पोसतात.

आणि झाडांइतकीच चर्चा व्हायला हवी ती घाटरस्त्यांच्या राड्यारोड्याची. रस्ता रुंद करताना निघालेला मुरूम आणि दगड दरीच्या बाजूला लोटून देतात. निसर्गानं केलेली घसरण माचीवर, पायथ्याशी, ओढ्याच्या तोंडाशी थांबत थांबत येते. हा माल थेट ओढ्यात पडतो. मधले सगळे थांबे आपण काढून टाकतो. रस्त्याच्या कडेचं गटारही तेच करतं. उतारावर पसरलेलं पाणी गोळा करून एका मोरीतून एका घळीत सोडतं, आणि ती घळ दोन पावसाळ्यांत कापत खाली जाते.

“गाळ काढला की पूर टळला”

२०२१च्या पुरानंतर वाशिष्ठी आणि सावित्रीतून गाळ काढण्याचं काम मोठ्या प्रमाणावर झालं. लोकांनी त्यासाठी आंदोलनं केली, आणि त्यांची मागणी रास्त होती. ज्या जागी पात्र उथळ होऊन पाणी बाजारात शिरतं तिथे खोली मिळाली तर काही फूट पाणी कमी चढतं, आणि त्या काही फुटांत पहिला मजला वाचतो. महाराष्ट्रात २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आहे. तलावातला बारीक गाळ शेतात नेला तर शेताचं भलं होतं. पण तलावातला गाळ आणि डोंगरी नदीतली खडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

डोंगरी नदी घाटातून उतरून जिथे सपाट होते ती जागा तिनं माल टाकण्यासाठी निवडलेली नाही, उतारानं तिला तिथे भाग पाडलं आहे. तिथे खड्डा केला तर पुढचा पूर तो आधी भरेल. वर माल शिल्लक असेपर्यंत हे चालूच राहतं. आणि वर माल किती शिल्लक आहे? तळियेसारख्या ठिकाणी कोसळलेल्या ढिगाऱ्याचा जाडा भाग अजून उतारांवर आणि ओढ्यांच्या तोंडाशी बसलेला असतो. तो एका पावसाळ्यात येणार नाही, थोडा थोडा येत राहील.

हे कसं चालतं याचा जुना हिशेब कॅलिफोर्नियात आहे. सिएरा नेवाडा डोंगरात १८५०च्या दशकापासून सोन्यासाठी पाण्याच्या झोतांनी अख्खे डोंगर धुऊन काढले. १८८४ साली न्यायालयानं तो राडारोडा नदीत सोडायला बंदी घातली. भूवैज्ञानिक ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट यानं १९१७ साली त्यावर अहवाल लिहिला. गाळ लाटेसारखा सरकतो असं त्याचं म्हणणं. खाणी बंद झाल्या तेव्हा वरच्या ओढ्यांचा तळ खाली जायला लागला होता, आणि त्याच वेळी खालच्या सॅक्रामेंटो नदीचा तळ अजून चढत होता. तो उतरायला पुढे काही दशकं लागली. पुढच्या अभ्यासकांनी गिल्बर्टची लाट थोडी दुरुस्त केली. तळ उतरला तरी पूरमैदानात आणि काठांत साचलेला माल शतकानंतरही झिरपत राहतो, असं त्यांना दिसलं.

तेव्हा गाळ काढायचा तर तो एकदाचा कार्यक्रम म्हणून नाही. दर उन्हाळ्यात, तळाची मोजणी करून, उतार जिथे मोडतो त्या टप्प्यात, आणि शहराच्या वर थोडं, म्हणजे माल शहरात येण्याआधी पकडता येईल. दर वर्षी तळ किती चढला याचे आकडे असतील तर वरच्या ढिगाऱ्यांतून किती सुटतंय याचाही अंदाज येतो. आणि काढलेला माल काठावर रचून ठेवायचा नाही. पोकलेननं पात्रातून उचलून दहा मीटरवरच्या काठावर ओतलेले खडीचे डोंगर कोकणातल्या बऱ्याच नद्यांच्या कडेला मे महिन्यात पाहायला मिळतात. बिल निघालेलं असतं. जुलैच्या पहिल्या मोठ्या पुरात पाणी काठाला लागलं की त्यातला बराचसा माल पुन्हा पात्रात येतो.